गाव नकाशात कोठे असते?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



महिन्यापूर्वी आपल्या चिटणीसबाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "यंदा वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचे." मी म्हटले, "अहो, मी आयुष्यभर भूगोल शिकवला. त्यावर सणासुदीच्या दिवशी कोण ऐकणार?" त्यावर त्या जे बोलल्या ते मी तुम्हांला जसेच्या तसे सांगते. त्या म्हणाल्या, "आपल्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गात गणिताला बाई आहेत, इंग्रजीला दोघी आहेत, भूगोलाला मात्र कोणी नाही. सगळ्या म्हणतात, त्यात शिकवायचे काय? पाठच तर करून घ्यायचे!"

हे वाक्य मला लागले. रागाने नव्हे. एके काळी मीही तसेच शिकवीत होते आणि त्यापायी एका मुलीचा भर वर्गात अपमान केला होता, म्हणून लागले. ती गोष्ट मी आजवर चारचौघींत कधी सांगितली नाही. आज सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय माझे पुढचे बोलणे तुम्हांला पटायचे नाही.

१९७५ सालची गोष्ट. मी नुकतीच नोकरीला लागले होते. शाळा सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील कमी पावसाच्या भागात होती. नवी नवी मास्तरीण, उत्साह दांडगा! सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांचा एक मोठा नकाशा मी तीन रात्री जागून जाड कागदावर काढला होता. नद्या निळ्या, घाट तपकिरी, तालुक्यांची गावे तांबडी. तो भिंतीवर टांगला आणि आठवीच्या मुलांना सांगितले, "एकेकाने पुढे यायचे आणि आपापल्या गावावर पेन्सिलीने बारीक ठिपका द्यायचा."

मुले आली. कोणी चुकले, कोणी बरोबर. एक मुलगी शेवटच्या बाकावरून उठली. कधी फारशी न बोलणारी. तिच्या हाती पेन्सिल नव्हती, शाईचे पेन होते. ती थेट नकाशाच्या डाव्या अंगाला गेली आणि कोयनेच्या शिवसागर तलावाच्या निळ्या रंगात, अगदी मधोमध, तिने शाईचा ठिपका दिला.

माझे डोके फिरले. तीन रात्रींचा नकाशा! "गाव कधी पाण्यात असते का ग?" असे मी विचारले, आणि वर आणखीही काही बोलले. वर्ग खो खो हसला. ती मुलगी काही न बोलता जागेवर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

चौथ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. गावाबाहेर ओळीने बांधलेली घरे होती. लोक त्यांना नुसते 'वसाहत' म्हणत. दारात तिची आजी बसली होती. मी कोण ते सांगितल्यावर आजींनी मला पाणी दिले, घोंगडी अंथरली आणि मग शांतपणे म्हणाल्या, "बाई, पोरीनं काय चुकीचं केलं? आमचं गाव तितंच हाय. वर पानी आलंय, येवढंच."

कोयना धरणात १९६१-६२ पासून पाणी साठू लागले आणि सुमारे पन्नास किलोमीटर लांबीच्या त्या तलावाने शंभराच्या आसपास गावांना विस्थापित केले, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. मी ते फळ्यावर लिहूनही दिलेले होते. त्या गावांतील माणसे नंतर दूरदूरच्या जिल्ह्यांत वसवली गेली. त्यांतल्याच एका घरातील मुलगी माझ्या वर्गात बसली आहे, हे मात्र मला ठाऊक नव्हते. तिचा जन्म गाव उठल्यावरचा. तिने ते गाव डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. पण आजीने रोज रात्री सांगून सांगून ते तिच्या मनात इतके नेमके बसवले होते, की माझ्या नकाशावर तिने ठिपका दिला तो बरोबर जागी. नद्यांची वळणे मोजून मी नंतर पडताळून पाहिला. त्या दिवशी वर्गात सर्वांत अचूक ठिपका तिचाच होता.

भगिनींनो, आता मी भूगोलाकडे वळते.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका शिक्षक-प्रशिक्षणात मला कळले की १९८४ साली अमेरिकेतील भूगोलशिक्षकांची परिषद आणि तेथील भूगोलतज्ज्ञांची संघटना यांनी मिळून शाळांसाठी एक मार्गदर्शिका काढली, आणि तीत भूगोलाची पाच मूलसूत्रे सांगितली. एखादी जागा कोठे आहे. ती कशी आहे. तेथील माणसाचे आणि भोवतालचे एकमेकांशी काय चालले आहे. तेथे कोण, काय येते आणि तेथून कोण, काय जाते. आणि ती कोणत्या प्रदेशात मोडते. पुढे १९९४ मध्ये तिकडच्याच संस्थांनी नवी मानके ठरवली आणि ती झाली अठरा! विद्वानांचे असेच असते. मला मात्र पाच पुरतात, आणि आपल्या अभ्यासवर्गालाही पुरतील. ही पाचही सूत्रे त्या आजींच्या ओसरीवर मला एका दुपारी मिळाली होती. त्यांना नावे आहेत हे मागाहून कळले, इतकेच.

पहिले सूत्र, कोठे. हे शिकवायला आपण बायका फार लायक आहोत, कारण आपल्याला रांगोळी येते. ठिपक्यांची रांगोळी काढताना आपण मुलीला काय सांगतो? "तिसऱ्या ओळीतला पाचवा ठिपका धर." बस्स, हेच अक्षांश आणि हेच रेखांश! पृथ्वीवर कोणी तरी आडव्या-उभ्या ओळी कल्पिल्या आहेत आणि प्रत्येक गाव कोणत्या तरी दोन ओळींच्या मिळणीपाशी आहे. आपले सातारा आडव्या ओळींत साडेसतरा अंशांच्या किंचित वर आणि उभ्या ओळींत ७४ अंशांपाशी येते. मुलांना हे आकडे आधी पाठ करायला सांगू नका. आधी रांगोळी काढायला बसवा, आकडे आपोआप बसतात.

आणि आकडे बसले की त्यांचा उपयोग दाखवा. त्यासाठी एक काठी लागते. अंगणात काठी सरळ उभी रोवायची आणि दुपारी बारापासून तिच्या सावलीच्या टोकाला दर दहा मिनिटांनी खडूची खूण करायची. मुलांना विचारा, सावली सर्वांत आखूड केव्हा होईल? सगळी मुले सांगतात, बारा वाजता. होत नाही! आपल्या साताऱ्यात ती बारा वाजून चौतीस मिनिटांच्या मागेपुढे सर्वांत आखूड होते. हे मागेपुढे होणे वर्षातील दिवसांवर अवलंबून असते. का बरे? कारण आपल्या घड्याळातले बारा हे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेघेवरचे बारा. आपण तिच्या साडेआठ अंश पश्चिमेला. सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटे लागतात, म्हणजे साडेआठाला चौतीस. घड्याळ साऱ्या देशाचे असते, सूर्य मात्र ज्याच्या त्याच्या अंगणाचा. हे एकदा सावलीवर पाहिलेले मूल रेखांश जन्मात विसरत नाही, असा माझा अनुभव आहे. मेच्या ११ तारखेच्या सुमारास हीच काठी पाहिली तर तिची सावली मध्यान्ही जवळजवळ नाहीशीच होते. शाळांना तेव्हा सुट्टी असते ही हळहळ. पण अभ्यासवर्गाला काय हरकत?

येथे एक तक्रार करून घेते. माझा नातू आठ वर्षांचा आहे. मोबाइलच्या नकाशात आपण कोठे आहोत हे दाखवणारा निळा ठिपका त्याला बरोबर सापडतो. पण घराच्या दारात उभा करून "पूर्व कोणती रे?" विचारले की तो पुन्हा मोबाइलकडे पाहतो. यंत्राशी माझे भांडण नाही. ते फार उपयोगी आहे, मी स्वतः वापरते. पण ते सांगते 'डावीकडे वळा', आणि मूल वळते. अजिंक्यतारा आपल्या पाठीशी आहे की समोर, हे त्याला बघावेच लागत नाही. म्हणून अभ्यासवर्गाचा पहिला धडा नकाशा पाहण्याचा नको, काढण्याचा असावा. "आपली गल्ली वरून कावळ्याला कशी दिसेल ते काढा." मुले आधी घराची दारे-खिडक्या आणि कौले काढतात. काढू द्या. मग विचारा, "कावळ्याला दार दिसेल का?" अशी एक-दोन संध्याकाळ वाया गेली तरी चालेल. मूल एकदा कावळा झाले की त्याला नकाशा कळला.

दुसरे सूत्र, कसे. येथे मला पुन्हा त्या आजींच्या ओसरीवर जायला हवे.

बोलता बोलता माझे लक्ष भिंतीकडे गेले. खुंटीला एक इरले टांगलेले होते. तुमच्यापैकी ज्या जावळी-पाटणच्या बाजूच्या आहेत त्यांना इरले सांगायला नको. भातलावणीला वाकले की डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकणारे ते बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे आवरण. पण आमच्या त्या गावी इरले! वर्षाकाठी मोजून काही दिवस पाऊस, तोही वळवाचा धडाका. मी विचारले, "आजी, हे येथे कशाला?" आजी हसल्या. म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या की. पोरीस्नी दावाया. हितं पाऊस म्हंजी चार शिंतोडं. तिकडं लागला की चार-चार दिस डोंगुर दिसायचा न्हाई." मग म्हणाल्या, "हितली माती काळी, पायाला चिकटती. आमची तांबडी. हितं जुंधळ्याची भाकरी. मला पन्नाशीला नव्यानं थापाय शिकाय लागली. मी नाचनीची नि तांदळाची करनारी."

मी पाठ्यपुस्तकात 'हवामान, मृदा, पिके' अशा तीन ओळी शिकवीत होते आणि मुलांकडून त्या घोकून घेत होते. आजींनी त्या तिन्ही ओळी एका इरल्यात आणि एका भाकरीत सांगितल्या. तेव्हापासून मी वर्गात 'अमुक गावाची माहिती लिहा' असा प्रश्न घातला नाही. 'त्या गावच्या खुंटीवर काय टांगलेले असेल? ते तेथेच का?' असा घालू लागले. मुले अशी काही उत्तरे आणीत, की मला माझेच टिपण फाडून टाकावेसे वाटे.

इरल्याचे कारण समजावताना पाऊस येतोच. पावसाचे आकडे मुलांना नुसते सांगितले तर कानावरून जातात. ते अंगावर मोजून दाखवावेत. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. हे सारे पाणी वाहून न जाता साचले तर दोन मजली घर बुडेल. आपल्या साताऱ्यात हजाराच्या आसपास, म्हणजे कमरेइतके. आणि माणमध्ये दहिवडीकडे पाचशेच्या आसपास, म्हणजे जेमतेम गुडघ्याइतके. महाबळेश्वर ते दहिवडी हा सारा प्रवास शंभर-सव्वाशे किलोमीटरचा. सकाळी निघालेला माणूस जेवायच्या वेळेपर्यंत दुमजली घरावरून गुडघ्यावर येतो!

असे का, तेही स्वयंपाकघरातच दाखवता येते. आमटी उकळत असता वर थंड झाकण धरले की त्याच्या आतल्या बाजूला थेंब जमतात आणि ओघळतात. समुद्रावरून येणारा ओला वारा सह्याद्रीला अडतो, वर चढतो, गार होतो, आणि त्याच्याजवळचे पाणी तेथेच ओघळते. घाट ओलांडून तो पूर्वेकडे उतरू लागला की पुन्हा तापतो. मग त्याच्यापाशी देण्यासारखे थोडेच उरते. आमटी उतू जाऊ देऊ नका, एवढे सांभाळले की धडा झाला.

आता तिसरे सूत्र, माणूस आणि भोवताल. मला स्वतःला हे सर्वांत अवघड वाटते, कारण येथे एकच उत्तर बरोबर नसते, आणि मुलांना, आणि खरे सांगायचे तर शिक्षकांनाही, एकच उत्तर हवे असते.

मी हे एका पागोळीने सुरू करते. महाबळेश्वरच्या माथ्यावर एक घर आहे असे समजा. त्याच्या छपरावर दोन थेंब शेजारी शेजारी पडले. एक पूर्वेकडच्या पागोळीने उतरला, तो कृष्णेला मिळाला. तो वाईहून माहुलीला येणार, कऱ्हाडला जाणार, पुढे कर्नाटक, तेलंगण, आंध्र करीत सुमारे चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला पोचणार. दुसरा पश्चिमेकडे उतरला, तो सावित्रीला मिळाला. शंभरेक किलोमीटरांत तो बाणकोटच्या खाडीने अरबी समुद्रात गेलाही! सख्ख्या भावंडांची अशी ताटातूट. मुलांना ही गोष्ट अतिशय आवडते, आणि 'जलविभाजक' हा अवजड शब्द मग त्यांना टोचत नाही.

कोयनाही तेथलीच. ती दक्षिणेकडे वाहत येते, मग पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला समोरासमोर भेटते. म्हणजे कोयनेचा थेंबही मुळात बंगालच्या उपसागराचा. पण माणसाने तो अडवला. डोंगराच्या पोटातून बोगदे खणले, पोफळीच्या भूमिगत वीजगृहात त्याला खाली सोडले, आणि वीज काढून घेतल्यावर ते पाणी वाशिष्ठी नदीत जाऊ दिले. वाशिष्ठी जाते अरबी समुद्राला. ज्या थेंबाची वाट डोंगराने पूर्वेकडे ठरवली होती, त्याला माणसाने पश्चिमेकडे वळवले. हे केवढे धाडस! कोयनेच्या साऱ्या टप्प्यांची मिळून वीज १९६० मेगावॉट. तिच्यावर महाराष्ट्राचे कारखाने उभे राहिले, घरांत दिवे लागले. आपण ज्या दिव्याखाली बसलो आहोत त्यातही तिचा वाटा असेल.

आणि मग वर्गात मी इरल्याची गोष्ट सांगते. त्यानंतर ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेची सांगते. कोयनानगरला भूकंप झाला, दीडशेहून अधिक माणसे गेली. तलावात साठलेल्या पाण्याचा त्या भूकंपाशी संबंध असावा, असे भूकंपाच्या अभ्यासकांत सर्वसाधारणपणे मानले जाते. त्या रात्री मी माहेरी होते, आमची भांडी फडताळातून खाली आली ते मला आजही ऐकू येते.

मुले विचारतात, "मग बाई, धरण चांगले की वाईट?" मी उत्तर देत नसे. मी म्हणे, "आजी काय म्हणाल्या असत्या? पोफळीचा कामगार काय म्हणेल? कारखान्यातला माणूस काय म्हणेल? तिघांच्या तोंडून लिहून आणा." एका पालकांनी याबद्दल तक्रारही केली, की बाई उत्तर सांगत नाहीत, परीक्षेत मुलाने काय लिहायचे? त्यांचेही चुकले नव्हते. परीक्षेपुरते उत्तर मी फळ्यावर देई. पण तेवढेच देऊन वर्ग सोडायचे मला त्या ओसरीनंतर जमले नाही.

चौथे सूत्र, ये-जा. हे शिकवायला आपल्याच मंडळाची एकादशी पुरे. साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. आज तो तामिळनाडूत सेलमच्या बाजूला पिकतो आणि तेथून पोत्यांनी आपल्याकडे येतो. बटाटा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. मिरचीही अमेरिका खंडातलीच, पोर्तुगीजांबरोबर आलेली. आपण ज्याला उपासाचे शुद्ध पान म्हणतो त्यातले तूप, जिरे आणि मीठ तेवढे अलीकडचे! (सासूबाईंना हे सांगितले तेव्हा त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या.) रोजच्या फोडणीतला हिंग इराण-अफगाणिस्तानातून येत आला आहे. हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात त्याची लागवड करून पाहायला आपल्या शास्त्रज्ञांनी सुरुवात केली ती २०२० साली. मुलांना एक डबा उघडायला सांगा आणि त्यातल्या प्रत्येक वस्तूपासून नकाशावर दोरा ओढायला सांगा. नकाशा दोऱ्यांनी भरून जातो.

वस्तू येतात तशी माणसे जातात. आपल्या जिल्ह्यातले घर नाही असे, ज्यातला कोणी ना कोणी मुंबईला गेला नाही. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी बाजारात माथाडी म्हणून. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला आणि येथे पूर्वेकडच्या गावांत पोस्टमन दारावरून तसाच पुढे जाऊ लागला. माझ्या वर्गातील दोन मुलांनी त्या वर्षी शाळा सोडली. खानापूर-आटपाडीकडची, माण-खटावकडची माणसे दुष्काळाला कंटाळून सोने-चांदी गाळण्याचा धंदा शिकली आणि देशभर पसरली. केरळ-तामिळनाडूच्या बाजारात त्यांची मराठी ऐकू येते. पाऊस गुडघ्याइतका का, हे शिकलेल्या मुलाला गलाईवाला घर सोडून का गेला हे निराळे शिकवावे लागत नाही. हीच भूगोलाची गंमत आहे. एक धागा ओढला की दुसरा हलतो.

पाचवे सूत्र प्रदेशाचे. यावर मी फार वेळ घेत नाही, चहाची वेळ होत आली आहे. जिल्हा, तालुका यांच्या सीमा सरकार आखते. पण माणदेश कोठे सुरू होतो, मावळ कोठे संपते, हे कोणत्या कार्यालयात विचारणार? मी मुलांना सांगे, "पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणाऱ्या एस.टी.त बसा आणि प्रत्येक थांब्यावर एकेका घरी विचारा, आज भाकरी कशाची?" तांदळाची, नाचणीची, मग ज्वारीची, मग बाजरीची. जेथे भाकरी बदलली तेथे पेन्सिलीने रेघ ओढा. रेघ थोडी पुसट येईल. एका घरी दोन्ही भाकऱ्या असतील. ती तशीच पुसट राहू द्या. आता गव्हाची पोळी सगळीकडेच पोचली आहे आणि ही रेघ आणखी पुसट झाली आहे, हे मी जाणते. पण ते का झाले हाही एक प्रश्नच आहे की नाही?

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे तुमच्या मनात असेल. मी तिच्या घरून निघताना तिला म्हटले, "उद्या शाळेत ये. मी सर्वांसमोर सांगणार आहे की ठिपका बरोबर होता." ती आली. मी सांगितले. वर्गाला काय वाटले कोण जाणे, पण एका मुलाने विचारले, "बाई, मग आमच्या गावाखाली काय होते?" त्या प्रश्नाने माझा पुढचा महिना गेला. मुलगी दहावी झाली, लग्न होऊन गेली. तिची माझी पुन्हा भेट नाही.

तो नकाशा मी जपून ठेवला आहे. कडा फाटल्या, रंग उडाले. पण शाई पक्की होती. आज तो मी बरोबर आणला आहे, मागच्या टेबलावर पसरला आहे. चहा घेताना जरूर पाहा. फक्त त्यावर कप ठेवू नका.

आणि अभ्यासवर्गाचे म्हणाल तर भूगोल मी घेते, मात्र एकटी नाही. मला तिघीजणी हव्यात. त्यांना पुस्तक आले नाही तरी चालेल, पण रांगोळी आणि भाकरी यायला हवी. येत्या रविवारी दुपारी पावणेबाराला मंडळाच्या अंगणात मुलांना घेऊन या. काठी आणि खडू मी आणते. ज्यांच्या घरी भिंतीवरचे चालू घड्याळ असेल त्यांनी ते उतरवून आणावे. बारा वाजले की मुलांना ते दाखवायचे आहे, आणि मग सावलीकडे बघायला सांगायचे आहे.